आरोग्य विम्याचा क्लेम नाकारला गेल्यास काय करावे

रुग्णालयाच्या विमा कक्षातून ‘कॅशलेस नामंजूर’ असा निरोप आला की अनेक कुटुंबे क्लेमच बुडाला असे धरून चालतात. तसे नसते. बिल स्वतः भरून, मूळ कागदपत्रे जोडून परताव्याचा अर्ज करण्याचा हक्क कायम राहतो. तो अर्जही फेटाळला गेला, तर पुढील पायऱ्या क्रमाने चढाव्यात.

सर्वप्रथम नकार लेखी घ्यावा. टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) प्रतिनिधीने फोनवर सांगितलेले कारण ग्राह्य धरू नये. क्लेम पॉलिसीच्या नेमक्या कोणत्या कलमाखाली नाकारला, हे कळवणे विमा कंपनीवर बंधनकारक आहे. शिवाय आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या आढावा समितीच्या मंजुरीशिवाय आरोग्य विम्याचा क्लेम फेटाळता येत नाही. या पत्राचा आग्रह धरण्याचे खरे कारण पुढे कळते. नकारपत्रात नसलेला मुद्दा कंपनीला नंतर खटल्यात नव्याने उपस्थित करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

कारण हाती आले की ते कागदपत्रांशी ताडून पाहावे. ‘आजार आधीपासून होता आणि तो लपवला’ हा आक्षेप सर्वाधिक त्रासदायक ठरतो, आणि त्याचे मूळ अनेकदा डिस्चार्ज कार्डावरील एका ओळीत असते. रात्री दाखल करताना घाबरलेल्या नातेवाइकाने ‘बीपी बरीच वर्षे आहे’ असे सांगितलेले असते, निवासी डॉक्टरांनी ‘पाच वर्षांपासून रक्तदाब’ असे लिहिलेले असते, आणि तेवढ्या नोंदीवर लाखोंचा क्लेम अडतो. नोंद चुकीची असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर खुलासा घ्यावा, इनडोअर केस पेपर्सच्या (दाखल असतानाच्या उपचार-नोंदींच्या) प्रती मागाव्यात आणि जुने तपासणी अहवाल जोडावेत. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल, तर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, हेही कंपनीला लिहिण्याच्या तक्रारपत्रात ठळकपणे नमूद करावे.

त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून पोच जपून ठेवावी. ‘बिमा भरोसा’ या पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. मात्र आयआरडीएआय स्वतः निवाडा देत नाही. ती तक्रार कंपनीकडे पाठवून तिचा पाठपुरावा करते.

एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा मिळालेले उत्तर समाधानकारक नसेल, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे जावे. सामान्य पॉलिसीधारकासाठी हा मार्ग मला सर्वांत उपयुक्त वाटतो, कारण येथे शुल्क नाही, वकील चालत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यावर निर्णय मिळतो. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे व पुणे येथे लोकपाल कार्यालये आहेत आणि गोवा पुण्याच्या कक्षेत येतो. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, पॉलिसीधारकावर नाही; तो पटला नाही तर ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा राहतो. उलट क्रमाने गेल्यास मात्र अडचण होते, कारण त्याच विषयावर आयोगात प्रकरण सुरू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे लोकपालाकडे निर्णय प्रलंबित असतानाही तारखेवर लक्ष ठेवावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तेथील आयोगात दाद मागता येते. रत्नागिरीच्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. आयोगाची पायरी (जिल्हा, राज्य की राष्ट्रीय) विम्याच्या रकमेवर नव्हे, भरलेल्या हप्त्यावर ठरते, आणि ती रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. वकील देणे सक्तीचे नाही, परंतु प्रकरण वैद्यकीय मुद्द्यांवर गुंतागुंतीचे असेल तर द्यावा. मागणीत क्लेमची रक्कम, व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च हे चारही स्वतंत्रपणे लिहावेत. निकाल विरोधात गेल्यास कंपनी ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करू शकते, परंतु त्यासाठी तिला आदेशातील निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते.