थायरॉइडची गोळी रोज घेऊनही टीएसएच वाढलेलाच? डोस वाढवण्याआधी या चुका टाळा

टीएसएच म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारा हार्मोन. शरीरात थायरॉइडचा हार्मोन कमी पडला की तो वाढतो, जास्त झाला की घटतो. आईचा टीएसएच दोन वर्षं ३ च्या आसपास, म्हणजे ठीक होता. एका पावसाळ्यात रिपोर्ट आला ११.४. गोळी एक दिवसही चुकलेली नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी नियमित घेता ना?" आई म्हणाली, "हो." प्रश्नही बरोबर आणि उत्तरही खरं. मग ७५ ची गोळी १०० ची झाली.

खरी गोष्ट महिनाभराने कळली. गुडघ्यांसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी कॅल्शियम सुरू केलं होतं. "एकदाच काय ते उरकून टाकावं" म्हणून आई थायरॉइडची गोळी, कॅल्शियम आणि पित्ताची गोळी सकाळी एकत्रच घ्यायची, वर लगेच चहा. मी शहाणपणा करून कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर लावलं, पण हे डॉक्टरांना सांगायचं राहिलं. डोस तोच, १०० चा. दोन महिन्यांत आईची झोप उडाली, हात थरथरू लागले, जिना चढताना छातीत धडधड व्हायला लागली. टीएसएच ०.०८. एका चुकीवर डोस वाढला होता, आणि चूक दुरुस्त झाल्यावर तोच डोस जास्त ठरला.

सगळ्या गोळ्या एकाच मुठीत

थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाचं, म्हणजे लिव्होथायरॉक्सिनचं, माप मायक्रोग्रॅममध्ये असतं. ७५ मायक्रोग्रॅम म्हणजे एक मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी. शेजारी ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम पडलं तर ते साडेसहा हजार पटींहून जास्त. हे कॅल्शियम पोटात थायरॉइडचं औषध धरून ठेवतं आणि त्यातलं बरंचसं रक्तात न जाता शौचावाटे निघून जातं. लोहाच्या गोळीचंही तेच, आणि पित्तावरच्या पातळ औषधांतल्या ॲल्युमिनियमचंही. या सगळ्यांत आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्या पोटातलं आम्लच कमी करतात, त्यामुळे नुसतं अंतर ठेवून भागत नाही. अशी गोळी सुरू किंवा बंद झाली की थायरॉइडच्या डॉक्टरांना कळवायचं.

उपाशीपोटी घेतली तरी ही गोळी साधारण ६० ते ८० टक्केच शोषली जाते. मुळातच कमी मिळणाऱ्या गोष्टीत आपण आणखी वाटेकरी आणतो.

आधी चहा, मग गोळी

आपल्याकडे उठल्यावर पहिला हात गॅसकडे जातो. दुधाचा चहा आणि गोळी यांत दहा मिनिटांचं अंतर ठेवणारे पुष्कळ जण त्याला "उपाशीपोटी" म्हणतात. साध्या पाण्याबरोबर गोळी, आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर काही नाही, असं असायला हवं. स्वयंपाकघरात शिरल्यावर हे जमत नाही, म्हणून गोळी उशाशी ठेवायची. डोळे उघडले की गोळी, मग दात, अंघोळ, पूजा, आणि मग चहा. कॉफीलाही हाच नियम.

ज्यांना पहाटे उठून डबे करायचे असतात आणि चहाशिवाय हात चालत नाही, त्यांना डॉक्टरांना विचारून रात्रीची वेळ धरता येते. मात्र जेवून तीन तास उलटलेले असावेत, आणि रात्रीचं दूध किंवा कॅल्शियम त्या वेळेला नको. एक वेळ ठरवा आणि तीच पाळा. आज सकाळी, उद्या रात्री, असं केलंत तर रिपोर्टवरून कुणालाच काही समजणार नाही.

गोळ्यांची बाटली गॅसजवळच्या फळीवर ठेवू नका. ऊन, वाफ आणि ओल यांनी हे औषध खराब होतं. दुसऱ्या डबीत काढून महिनोन् महिने ठेवणंही टाळा.

पंधरा दिवसांत पुन्हा तपासणी

डोस बदलला की घाई होते. पण हे औषध सावकाश काम करतं. शरीरातलं निम्मं औषध संपायलाच सुमारे सात दिवस लागतात, आणि नव्या डोसची पातळी स्थिरावून टीएसएचमध्ये दिसायला सहा ते आठ आठवडे. त्याआधीचा आकडा अर्धवट असतो. त्यावरून डोस हलवला तर कधी जास्त, कधी कमी, असा झोका सुरू होतो. गोळीची कंपनी बदलली तरी सहा-आठ आठवड्यांनी एकदा टीएसएच बघून घ्यावा.

बरं वाटण्याचाही एक क्रम असतो. थकवा आणि थंडी वाजणं हळूहळू आधी कमी होतं. केस सगळ्यात शेवटी सावरतात, त्याला कित्येक महिने लागतात. वजनाबद्दल स्पष्ट सांगते: थायरॉइडमुळे वाढलेलं वजन सहसा थोडंच असतं आणि त्यात पाण्याचा वाटा मोठा. वीस किलो उतरवायला म्हणून डोस वाढवून मागू नका. त्याची किंमत हृदयाचे ठोके आणि हाडं मोजतात, पाळी गेलेल्या बायकांची तर जास्तच.

रक्त द्यायला जाताना त्या दिवशीची गोळी नमुना दिल्यावर घ्या, कारण गोळीनंतरच्या काही तासांत फ्री टी४ (रक्तातला थायरॉइडचा मोकळा हार्मोन) वर गेलेलं दिसतं. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व चालू असेल तर ते किमान दोन दिवस आधी बंद ठेवा. काही लॅबच्या पद्धतींत त्यामुळे टीएसएच खोटाच कमी येतो.

रिपोर्ट नॉर्मल आला, गोळी बंद

नॉर्मल आला तो गोळीमुळे. हाशिमोटोच्या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते, आणि इजा झालेली ग्रंथी रिपोर्ट चांगला आला म्हणून दुरुस्त होत नाही. फसगत अशी की बंद केल्यावर पहिले आठ-दहा दिवस काहीच जाणवत नाही, आधीचा साठा पुरतो. "बघा, गोळीशिवायही बरं आहे" असं वाटतं, आणि दोन महिन्यांनी माणूस अंथरुणातून उठत नाही. बाळंतपणानंतर बिघडलेला थायरॉइड किंवा अगदी सौम्य त्रास यांत कधीकधी गोळी थांबवता येते, पण ती डॉक्टरांनी, तपासण्या करत.

एखादा दिवस विसरलात तर पोट रिकामं असताना आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी मनाने दुप्पट घेऊ नका.

टीएसएच छान, तरी अंगात त्राण नाही

"सगळं तुमच्या मनात आहे" हे ऐकून गप्प बसू नका. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, ड जीवनसत्त्व बघायला सांगा. घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेत श्वास अडकतो का ते तपासा. मन उदास असेल तर तेही बोला. लोह कमी निघालं आणि गोळी सुरू झाली, की चार तासांचा नियम पुन्हा आलाच.

कोबी-फ्लॉवर शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही. सोयाबीन मात्र गोळीच्या वेळेपासून लांब ठेवा.

दिवस गेले, आणि पुढच्या तारखेची वाट

इथे थांबू नका. दिवस राहिल्याचं कळलं त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पहिल्या तीन महिन्यांत बाळ आईच्याच हार्मोनवर अवलंबून असतं आणि गोळीची गरज बहुतेकींना चौथा हिस्सा ते निम्म्याने वाढते. पुढे लोह आणि कॅल्शियम लिहून दिलं जातं, तेव्हा वेळा कागदावर लिहून भिंतीला लावा.

छातीत दुखलं, ठोके अनियमित झाले, किंवा माणूस गार पडून गुंगीत, गोंधळलेला वाटला, तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठा.

आईची गोळी आता पुन्हा ७५ ची आहे. बाटली पलंगाजवळच्या दिव्याखाली, कॅल्शियम जेवणाच्या टेबलावर, आणि तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर सगळ्या औषधांची यादी, वेळेसकट. गेल्या खेपेला डॉक्टरांनी आधी तेच पान उघडलं.