एक्सपीवरचा डेटा विंडोज ७ वर आणायचा: एक केबल, दोन पत्ते, एक फोल्डर

जुन्या विंडोज एक्सपी मशीनवर फोटो नाहीतर टॅलीची जुनी खाती अडकली असतील, तर पेनड्राइव्हच्या खेपा घालू नका. त्या मशीनचे यूएसबी १.१ असेल, तर सेकंदाला जेमतेम १ एमबी जाते. १०० एमबीपीएसच्या लॅन कार्डावरून (जिथे नेटवर्क केबल लागते ते कार्ड) मोठ्या फाइल्स सेकंदाला १० एमबीच्या आसपास जातात, म्हणजे २० जीबीला साधारण अर्धा तास. दोन्ही मशीन एका केबलने थेट जोडायची, राउटर लागत नाही.

दोन्ही कार्डे १०० एमबीपीएसची असतील, तर साध्या केबलने कार्डावरचे जोडणीचे दिवे बहुधा लागणार नाहीत. क्रॉसओव्हर केबल (दोन टोकांना तारांचा क्रम वेगळा असलेली) घ्या किंवा क्रिम्प करून, म्हणजे टोकांना कनेक्टर दाबून बसवून घ्या. कनेक्टरची क्लिप खाली, तांब्याच्या पट्ट्या वर, आणि डावीकडून रंग: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दुसऱ्या टोकाला फक्त नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल. एकीकडे गिगाबिट कार्ड असेल तर साधी केबलही बहुतेक वेळा चालते, कारण ते कार्ड अदलाबदल स्वतःच करते. दोन्हीकडचे दिवे लागेपर्यंत विंडोजच्या सेटिंगला हात लावू नका.

आता पत्ते, म्हणजे नेटवर्कवर मशीन ओळखणारे आयपी आकडे. दोन्ही मशीनवर लोकल एरिया कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये टीसीपी/आयपी उघडा (विंडोज ७ मध्ये आवृत्ती ४). एक्सपीला १९२.१६८.१०.१, विंडोज ७ ला १९२.१६८.१०.२, दोन्हीकडे सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे (बाहेरच्या नेटवर्कची वाट) आणि डीएनएस रिकामे ठेवा. घरचे राउटर सहसा १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ ची मालिका वापरतात. विंडोज ७ वायफायवर असेल आणि केबललाही तीच मालिका दिलीत, तर कुठली फाइल कुठल्या वाटेने मागायची याचा गोंधळ होतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर तुमचा आकडा सेव्ह झालेला नाही.

शेअरिंग फक्त एक्सपीवर करा. विंडोज ७ वरून तोच फोल्डर उघडून फाइल घेताही येते आणि ठेवताही येते, मग दोन्हीकडे शेअर करण्याची गरजच उरत नाही. शिवाय गेटवे नसलेली जोडणी विंडोज ७ 'अनोळखी' समजून पब्लिक धरते आणि आत येणारे बहुतेक सगळे अडवते. ती झटापट वाचते. एक्सपीवर फोल्डरवर राइट क्लिक, शेअरिंग, 'शेअर धिस फोल्डर ऑन द नेटवर्क'. फाइल ठेवायच्याही असतील तर 'अलाऊ नेटवर्क युजर्स टू चेंज माय फाइल्स'वरही खूण करा. पहिल्यांदा विझार्ड सुचवला जाईल, तो चालवा. त्याने गेस्ट खाते आणि फायरवॉलमधली वाट दोन्ही उघडतात.

मग विंडोज ७ वरून १९२.१६८.१०.१ ला पिंग करा (कमांड प्रॉम्प्टमध्ये ping आणि पुढे पत्ता, म्हणजे ते मशीन उत्तर देते का कळते), उलट दिशेने नको. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आले तर केबल किंवा पत्ता चुकला आहे. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आले तर बहुधा एक्सपीची फायरवॉल किंवा तिथला अँटीव्हायरस आडवा येतोय. उत्तर आले की रनमध्ये दोन बॅकस्लॅश आणि त्यापुढे तोच पत्ता लिहा. नेटवर्कच्या यादीत मशीन दिसण्याची वाट पाहू नका. ती यादी उशिरा भरते, कधीकधी भरतच नाही.

पिंग व्यवस्थित पण कॉपी रांगत असेल, तर कार्डाच्या प्रगत सेटिंगमध्ये स्पीड आणि डुप्लेक्स (डेटा दोन्ही दिशांनी एकाच वेळी जातो की आळीपाळीने) दोन्हीकडे ऑटो करा. एकीकडे 'फुल' आणि दुसरीकडे ऑटो असले की वेग कोसळतो. एक्सपीची डिस्क एफएटी३२ (डिस्कची जुनी मांडणी) असेल, तर तिच्यावर ४ जीबीची फाइल ठेवता येणार नाही.

हे सगळे होईपर्यंत एक्सपीला इंटरनेट देऊ नका. एक्सपी फक्त एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) बोलते आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच एसएमबी १ मधल्या त्रुटीतून पसरला. विंडोज १० किंवा ११ वरून हा फोल्डर उघडत नाही तो याचमुळे: तिथे एसएमबी १ सहसा बंदच असते. ते चालू करू नका. डेटा आधी विंडोज ७ वर घ्या, अँटीव्हायरसने तपासा आणि पुढे एक्स्टर्नल डिस्कने न्या.