पहिली जीन्स घरी शिवायची तर आधी काय काय जमवायचं

जीन्स शिवायची म्हटलं की सगळे पहिलं विचारतात, माझ्या मशीनला झेपेल का? हा प्रश्न खरंतर बराच नंतरचा आहे. पहिली जीन्स बिघडते ती बहुतेक वेळा मशीनवर बसायच्या आधीच, कापड न धुता कापलं, माप घाईत घेतलं, पॅटर्न, म्हणजे कापायचा कागदी साचा, स्ट्रेचचा आणि कापड साधं, असं काहीतरी होतं. म्हणून तयारीला भरपूर वेळ द्या.

सुरुवात कापडापासून. डेनिमची जाडी औंसात सांगतात, म्हणजे एका चौरस यार्डाचं वजन. गोव्यातल्या घामट हवेत १४ औंसाचं डेनिम दिवसभर अंगावर ठेवणं अवघड, आणि घरच्या मशीनलाही ते जड जातं, तेव्हा पहिल्या वेळी १० औंसाच्या आसपासचं घ्या, फार तर १२. दुकानात औंस विचारले तर "जाड आहे, छान आहे" एवढंच उत्तर मिळतं कधीकधी, अशा वेळी वजनावर जायचं. ५८ इंच पन्ह्याचं एक मीटर कापड अर्धा किलो भरलं तर ते साधारण १० औंसाचं, ६०० ग्रॅम भरलं तर १२ औंसाचं, हा हिशोब डोक्यात ठेवला की फसायला होत नाही. कापड आडवं ताणून बघा, ताणलं जात असेल तर त्यात लायक्रा आहे आणि त्याला स्ट्रेचचाच पॅटर्न लागणार. माझं मत विचाराल तर पहिली जीन्स बिनस्ट्रेचची शिवा, कापताना आणि शिवताना कापड हलत नाही. अडीच मीटर घ्या, आटायचं धरून. म्हापसा-मडगावात मनासारखं नाही मिळालं तर घाई नको, लग्नाच्या खरेदीला कोणी ना कोणी बेळगावला जातंच, त्यांना वजनाची युक्ती सांगून पाठवा.

आता धुणं, आणि इथे मी हट्टाने सांगेन की हे टाळूच नका. कापडाच्या दोन्ही कापलेल्या कडांना झिगझॅग किंवा ओव्हरलॉक मारून घ्या नाहीतर दोऱ्यांचा गुंता होतो. मग एका कोपऱ्यात ५० सेंटिमीटरचा चौकोन धावदोऱ्याने आखून ठेवा, जीन्स पुढे जशी धुणार तसंच कापड दोनदा धुवा, वाळवा, आणि चौकोन परत मोजा. उभ्या बाजूला दीड सेंटिमीटर कमी भरला तर कापड ३ टक्के आटलं, म्हणजे ३० इंच आतल्या उंचीमागे (दोन पायांच्या जोडापासून खाली घोट्यापर्यंत) जवळजवळ एक इंच गेला असता! निळा रंग सुटतो म्हणून वेगळं धुवा, पांढऱ्या कपड्यांच्या जवळपाससुद्धा नको. आणि हे सगळं एप्रिल-मेत उरका नाहीतर सरळ दिवाळीपर्यंत थांबा, जुलैत डेनिम घरात पंख्याखाली दिवसेंदिवस दमट राहतं आणि त्याला जो कुबट वास लागतो तो निघता निघत नाही.

मापं दुसऱ्या कोणाकडून घ्या, आपली आपण घेतली की टेप वाकडी जाते. कंबर, सीट, मांडी, गुडघा, मोहरी (पायाचा खालचा घेर), बाहेरची आणि आतली उंची, आणि सगळ्यात महत्त्वाचं आसन, पुढे कमरेपासून पायांमधून मागे कमरेपर्यंत. पॅटर्नचा साइज सीटवरून ठरवा, कंबर नंतर योक (मागे पट्ट्याखालची आडवी पट्टी) आणि मागच्या मधल्या शिवणीत घेता येते, सीट नाही घेता येत. पॅटर्न प्रिंट काढणार असाल तर झेरॉक्सवाल्याला आधीच सांगा पान छोटं करून बसवू नको, आणि त्यावरचा मापाचा चौकोन पट्टीने मोजल्याशिवाय पुढची पानं काढू देऊ नका. शिवणीची माया पॅटर्नमध्ये धरलीय की वेगळी सोडायची तेही बघून घ्या.

मग मांजरपाटाची ट्रायल. चेन-खिसे काही नको, नुसते पाय, योक आणि कमरेचा पट्टा, मोठ्या टाक्यांनी. घालून उभं राहून खूश होऊ नका, जमिनीवर मांडी घालून बसा, स्कूटरवर बसा. बसल्यावर मागून कंबर खाली ओढली जात असेल तर मागचं आसन वाढवायचं, उभं राहिल्यावर पुढे आडव्या चुण्या ताणल्या जात असतील तर सीट किंवा मांडी कमी पडतेय.

सामानात जीन्सच्या सुया, १६ नंबर आणि जाड जागांसाठी १८, नव्या कोऱ्या. सुया घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, आपल्याकडे पावसाळ्यात गंज लगेच धरतो. वरच्या दिसणाऱ्या शिलाईला जीन्सचा जाड दोरा, बॉबिनमध्ये मात्र साधाच, आणि जाड दोरा नाही मिळाला तर साधे दोन दोरे एकत्र एकाच सुईत ओवले तरी चालतं. खिशांच्या आतल्या पिशव्यांना सुती पॉपलिन, पट्ट्याला फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर), खडू पांढरा किंवा पिवळा, शिवाय टाके उसवायचा रिपर. चेन, बटण, रिव्हेट (खिशाच्या कोपऱ्यावरचे धातूचे खिळे) घेताना खिशात एक लोहचुंबक न्या, चिकटलं तर आत लोखंड आहे आणि मुलामा गेला की गंजाचे डाग कापडावर येणार, पितळ-तांबं चिकटत नाही. रिव्हेट सोडून देऊ नका हं, जेकब डेव्हिस नावाच्या टेलरने खिशाचे कोपरे फाटतात म्हणूनच ते लावले आणि १८७३ मध्ये लिव्हाय स्ट्रॉससोबत पेटंट घेतलं.

आता मशीन. आजीची पायाची काळी मशीन असेल तर फारच छान, सरळ टाक्याला ती डेनिम आरामात ओढते. तेल घाला, आणि उरलेल्या तुकड्यांवर टाका ३.५ ते ४ मिलिमीटर ठेवून टेन्शन जमवून घ्या. खरी परीक्षा योक आणि मागची मधली शिवण एकमेकांना भेटतात तिथे असते, तिथे एकावर एक आठ-आठ थर जमतात. म्हणून तसाच जोड मुद्दाम तुकड्यांवर करून बघा. गाठीवर फडकं ठेवून लाकडी फळीवर हातोडीने चांगलं ठोका, फुटाच्या मागे डेनिमची घडी सरकवा म्हणजे फूट सपाट राहतं, आणि तेवढे टाके पायाने नाही, हाताने चाक फिरवून घाला.

कमरेचं काज घरी जमणार नसेल तर टेलरकडून घालून घ्यायचं आधीच ठरवा, पण चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर नको, त्यांना तेव्हा मान वर करायला फुरसत नसते. चवथ झाली की जा, आणि सोबत त्याच डेनिमचा फ्युजिंग लावलेला, पट्ट्याइतक्याच थरांचा एक तुकडा न्या, म्हणजे पहिलं काज त्याच्यावर घालून बघता येईल.