टाकून दिलेला गॅस ग्रिल पेटवण्याआधी

पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्यावरची रिसॉर्ट्स नको असलेलं सामान बाहेर काढतात, त्यात चाकं गेलेला, आतून तांबारलेला एखादा गॅस ग्रिल असतो. भंगारवाल्याच्या आधी तुम्ही गाठलात तर टेम्पोत घालण्यापूर्वी फक्त खालची पेटी तपासा. ती ओतीव ॲल्युमिनियमची असेल तर वर पांढरी भुकटी धरलेली दिसेल. ती घासून जाते. पेटी पत्र्याची असेल आणि बर्नर टेकतात ती कड बोटाने दाबताच चुरत असेल, तर तिथेच सोडा. झाकणाच्या आतून सुटणारे काळे पापुद्रे पाहून मात्र घाबरू नका. तो रंग नसतो, जळालेल्या चरबीची खरपुडी असते.

पार्ट घेताना एक हिशेब ठेवा: ज्यातून गॅस जातो ते नवं घ्यायचं, जे नुसता ताप सोसतं ते गावात बनवून घेतलं तरी चालतं.

कामाला जून-जुलै बरा. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीमुळे यांत्रिक होड्या बंद, ताजी सुरमई नाही, त्यामुळे ग्रिलची घाईही कोणाला नाही. खोलण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. ॲल्युमिनियममध्ये बसलेला स्टीलचा बोल्ट खाऱ्या हवेत असा धरतो की जोर केला तर मुंडीच तुटते. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा.

आता बर्नर. त्याच्या तोंडाच्या नळीत टॉर्च मारून पाहा. कोळ्याचं जाळं किंवा कुंभारीण माशीचं मातीचं घर हमखास सापडतं. ते राहिलं तर गॅस पुढे न जाता मागे फिरतो आणि आग नॉबच्या बाजूने, म्हणजे तुमच्या हाताशी पेटते. बर्नरला गंजून आरपार भोकं पडली असतील तर वेल्डिंगच्या फंदात पडू नका, नवाच मागवा. मागवण्यासाठी पूर्ण लांबी, नळीचा व्यास, तोंड सरळ की वाकडं आणि दोन बर्नरमधलं अंतर ही मापं मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. मॉडेल नंबरची पट्टी शाबूत असेल तर तुमचं नशीब. इथल्या हवेत ती क्वचितच वाचता येते.

ती वाचता आली तर ग्रिल एलपीजीचा की नॅचरल गॅसचा, हेही बघा. नॅचरल गॅसच्या जेटचं, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या छोट्या तोटीचं, भोक मोठं असतं. त्यावर सिलिंडर जोडला तर ज्वाळा पिवळ्या, उंच आणि काजळीच्या येतात. जेट बदलावे लागतील. आहेत ते साफ करताना सुई खुपसू नका, भोक मोठं होतं. परदेशी प्रोपेनवरचे (तिकडच्या सिलिंडरच्या गॅसवरचे) ग्रिल साधारण २८ मिलिबार दाबावर चालतात आणि आपला घरगुती रेग्युलेटर सुमारे ३० देतो, त्यामुळे तिथे जुळतं. वडापावच्या भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर मात्र इथे अजिबात लावायचा नाही.

बर्नरवरचे पत्रे आणि जाळी यांसाठी ऑनलाइन पैसे घालवू नका. रेलिंग बनवणारा तुमचा नेहमीचा फॅब्रिकेटर ती करून देईल, फक्त ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील मागा आणि बिलावर लिहून घ्या. स्वस्तातलं २०२ दिसायला तसंच असतं, चुंबकानेही फरक कळत नाही, पण समुद्राकाठी लवकर डागाळतं. गॅल्वनाइज्ड जाळी कितीही फुकट मिळाली तरी नको. तापल्यावर जस्ताचा धूर अन्नाला लागतो.

नळी आयएसआय शिक्क्याची, तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळी घ्या. दीड मीटर पुरे. जुनी नळी वरून चांगली दिसली तरी उंदराने कुठे कुरतडली असेल सांगता येत नाही. परदेशी ग्रिलचं तोंड आपल्या नळीला बसत नाही; त्यासाठीचं पितळी नोझल गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडूनच बसवून घ्या. पाहुण्यांसाठी ग्रिल वापरणार असाल तर घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. त्याला लो प्रेशरचा रेग्युलेटर हवा, असं स्पष्ट सांगा.

चाचणी अंगणात, पडवीत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने विहिरीच्या कठड्याआड किंवा खोलगट जागी साचतो. सगळे नॉब बंद ठेवून सिलिंडर उघडा आणि प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावा. बुडबुडा आला की सिलिंडर बंद. गळती थांबेना तर १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनवर फोन करा. सगळं कोरडं ठरलं की झाकण उघडं ठेवून पेटवा, झाकून कधीच नाही. ज्योत निळी हवी. रिकामा ग्रिल मोठ्या आचेवर पंधरा-वीस मिनिटं जाळला की नव्या पत्र्यांवरचं मशीनचं तेल निघून जातं. मग जाळीला गोड्या तेलाचा पातळ हात फिरवा.

पहिल्या दिवशी बांगडा नको, त्याची चरबी गळून भडका उडतो. पापलेट किंवा सुरमईची तुकडी लावा.