जुना बँडसॉ घेताय? भाव ठरवताना या चुका टाळा

जुनं मशीन बघायला गेलं की पहिली नजर रंगावर जाते. माझीही गेली होती. १८ इंची बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्ट्याने लाकूड चिरणारं मशीन, चकचकीत हिरवा रंग, आणि विकणारा म्हणतोय, "शेठ, हात लावायची गरज नाही." टेबल ज्यावर तिरकं होतं, त्या खालच्या अर्धगोल बिडाच्या तुकड्याला तडा होता. त्यात लांबी (पुटी) भरून वरून रंग मारला होता. वर्कशॉपमध्ये आणून टेबल तिरकं केलं तेव्हा तो उघडा पडला. बिडाचं वेल्डिंग करून घेतलं, पण टेबल अजूनही काटकोनात टिकत नाही. तेव्हापासून ताजा रंग दिसला की मी भाव वाढवत नाही, उलट जरा कमीच सांगतो.

दुसरी चूक म्हणजे जाहिरातीतल्या आकड्याला बाजारभाव समजणं. तो आकडा मागणीचा असतो, सौदा वेगळ्याच रकमेला होतो. तीच जाहिरात दोन-तीन महिने हलली नसेल, तर तो भाव कुणालाच पटलेला नाही. मी सुरुवात नव्या मशीनच्या कोटेशनपासून करतो, तेही जीएसटी वगळून. कारण तुमची नोंदणी असेल तर नव्यावरचा १८ टक्के कर वळता होतो. जुनं मशीन बिनबिलाचं घेतलं तर तसलं काही मिळत नाही.

समजा नवं ८०,००० ला पडतंय. चालू स्थितीतल्या जुन्याची बोलणी मी निम्म्यावर, म्हणजे ४०,००० वर धरतो. त्यातून बेअरिंग, चाकांचं रबर, मोटरचं रिवाइंडिंग, टेम्पो आणि हमाली असे मिळून १४,००० वजा केले, तर माझा आकडा २६,०००. खालची हद्द भंगाराची. ३०० किलोचं मशीन आणि किलोला ३० रुपये धरले तर ९,०००. त्याच्या खाली कुणी विकत नाही, उगाच घासाघीस करू नये.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे मशीन नुसतं चालवून बघणं. पट्टा वर असताना बरेच दोष ताणाखाली दबून जातात. मेन स्विच बंद करा, पट्टा उतरवा. खालचं चाक वर आणि खाली दोन्ही हातांनी धरून हलवा. खेळ लागला तर घाबरू नका, बेअरिंग कुठल्याही दुकानात मिळतं. पण बेअरिंगची आतली कडी शाफ्टवरच फिरत असेल, तर शाफ्ट झिजलाय आणि ते लेथचं काम आहे. इथे भाव खरा खाली आणायचा. मग फ्रेमला पेन्सिल टेकवून टोक चाकाच्या कडेजवळ आणा आणि चाक सावकाश फिरवा. टोक आणि कड यांतली फट कमी-जास्त होत असेल तर चाक वाकडं आहे. शेवटी चाकाच्या आऱ्यावर लहान हातोडीने हलकेच ठोका. स्वच्छ 'ठण्ण' आवाज हवा. भद्द वाजलं तर तडा शोधा. रबराचा खर्च किरकोळ, तडा गेलेलं चाक मात्र मी फुकटातही घेत नाही.

मापातही लोक फसतात. '२४ इंची' म्हणजे चाकाचा व्यास, तेवढ्या उंचीचं लाकूड चिरेल असा त्याचा अर्थ नाही. पट्ट्याला वरून आधार देणाऱ्या गाईडचा दांडा पूर्ण वर करून टेबलापासून टेप लावा. तुम्हाला १२ इंची फळी उभी चिरायची आणि दांडा १० वर अडतोय, तर मोठ्या चाकाचे जादा पैसे कशाला?

मोटरची पाटी वाचा. तुमच्याकडे सिंगल फेज आणि मोटर थ्री फेज असेल, तर बदलाचा खर्च किमतीतून वजा करा. सोबत दिलेल्या जुन्या पट्ट्यांना मात्र मी किंमत लावत नाही.

"लायसनसकट देतो" म्हणून भाव चढवणारेही भेटतात. जंगल वाचवण्यासाठीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी आदेश दिला, तेव्हापासून आरागिरण्यांचे परवाने हा नाजूक विषय आहे. मशीन विकत घेतलं म्हणून परवाना आपोआप तुमच्या नावावर होत नाही. गोल लाकूड चिरणार असाल तर पैसे देण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात चौकशी करा. फक्त फर्निचरसाठी घेत असाल, तरी एकदा विचारलेलं बरं.

मशीनची खरी कुंडली हवी असेल तर त्या भागात पट्ट्यांना धार लावणाऱ्याला गाठा. कुणाचा पट्टा दर आठवड्याला तुटतो हे त्याला पाठ असतं.

आणि जाताना स्वतःचं लाकूड न्या, बाभळीचा सहा इंची ठोकळा असला तर उत्तम. विकणारा मऊ पाइन चिरून दाखवतो, ते कुठलंही मशीन चिरतं. दहा मिनिटं चालवा, मोटरवर हात ठेवून बघा. "आत्ता लाइट नाही" म्हणाला, तर लाइट आल्यावर परत जा. विसार देऊन येऊ नका.