बटाटा लागणीआधी बेण्याची चौकशी करा

परतीचा पाऊस उघडला की कोल्हापूर भागात पूर्वहंगामी उसाच्या सऱ्या पडतात आणि वरंब्याच्या बगलेला बटाट्याचं आंतरपीक घेणारे बेणं शोधायला लागतात. या दिवसांत कुणी 'जीएम बटाटा आहे, करपा येतच नाही' म्हणून पोती दाखवली, तर घेऊ नका. जनुकीय बदल केलेला एकही बटाटा भारतात लागवडीसाठी मंजूर नाही. शेतकऱ्याला लावायची मुभा आहे ती फक्त बीटी कापसाची, म्हणजे किडीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कापसाची, २००२ पासून. नावात 'कुफरी' असलेले ज्योती, पुखराज हे वाण जीएम नव्हेत. सिमल्याच्या बटाटा संशोधन केंद्राने ते साध्या संकरातून काढलेत.

जीएम बटाटा खाण्याला सुरक्षित असतो का, हे बरेच जण विचारतात. सरसकट हो किंवा नाही म्हणणं चूक ठरेल. प्रत्येक वाण वेगळा तपासावा लागतो. १९७० मध्ये अमेरिकेत लेनापी नावाचा वाण मागे घ्यावा लागला, कारण त्यात सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यं जादा निघाली. तो साध्या संकराचा होता. उलट, तिथेच नंतर मंजूर झालेल्या एका जीएम बटाट्यात तळताना तयार होणारं अ‍ॅक्रिलामाइड हे घातक द्रव्य कमी व्हावं, असा बदल केलेला आहे.

शेतीच्या बाजूने बघितलं तर हिशेब आणखी बदलतो. १९९५ मध्ये अमेरिकेत आलेला बीटी बटाटा पानं खाणाऱ्या कोलोरॅडो भुंग्याला मारण्यासाठी होता. तो भुंगा आपल्याकडे नाहीच. आपला बटाटा पोखरते ती पाकोळीची अळी. परागातून रानटी जातींत जनुक जाण्याची काळजी बटाट्याचं माहेर असलेल्या अँडीज पर्वतात मोठी आहे. आपल्याकडे धोका बेण्याच्या सरमिसळीचा, कारण काढणीत राहिलेला कंद पुढच्या पिकात पुन्हा उगवतो. करप्याला रोखणारं एकच जनुक असेल तर बुरशी त्यालाही वळसा घालू शकते. बीटीला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीने कापसावर काय केलं, ते विदर्भातल्या शेतकऱ्यांनी भोगलंय.

म्हणून या हंगामात प्रमाणित बेणंच घ्या, पावती आणि पोत्यावरची खूणचिठ्ठी जपून ठेवा. लागणीआधी पोत्यातले चार-पाच बटाटे आडवे कापा. सालीच्या आत तपकिरी कडं दिसलं, दाबल्यावर त्यातून पांढरट चिकट द्रव आला, तर तो बांगडी नावाचा जिवाणूजन्य रोग आहे. ते पोतं परत करा. सुरी दर वेळी पुसून जंतुनाशक द्रावणात बुडवा. फोडीवर दोन-तीन डोळे ठेवा.

ढगाळ हवा आणि सकाळचं दव चार दिवस टिकलं की करप्याकडे लक्ष ठेवा. दव असतानाच पान उलटून बघा: काळपट, भिजल्यासारख्या डागाच्या कडेला पांढरी लव दिसते. ती दिसायची वाट न बघता मँकोझेब हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम फवारा. उसाला पाणी देताना सरी तुंबवू नका.

बटाट्याला मातीची भर मात्र वेळेवर लावा. उघडा पडलेला कंद उन्हाने हिरवा होतो आणि त्यात तेच सोलॅनिन वाढतं. उकडून ते जात नाही. असे बटाटे बाजूला काढा; घरात नको, म्हशीच्या पाटीतही नको.