कूलंट बदलल्यावर अडकलेली हवा कशी काढावी

कूलंट बदलल्याबरोबर गाडी तापू लागली, तर थर्मोस्टॅटवर (इंजिन तापल्यावर कूलंट रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेवर) संशय घेण्याआधी हवा अडकली आहे का ते पाहा. हवा इंजिनच्या हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणासारख्या भागाच्या) वरच्या बाजूला आणि हीटरच्या जाळीत साचते. टेम्परेचर सेन्सर कूलंटऐवजी हवेत राहिला तर तापमानाचा काटा खोटं सांगतो, आणि हे सर्वांत धोक्याचं.

इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय झाकण उघडू नका. दाबाखालचं कूलंट अंगावर उसळतं. खाली टब ठेवून जुनं कूलंट काढा आणि ते किती निघालं ते मोजून लिहून ठेवा. चार लिटर निघालं आणि अडीचच आत गेलं, तर उरलेल्या जागेत हवा आहे. एवढा सोपा पुरावा असूनही बहुतेक जण मोजतच नाहीत.

रेडिएटर रिकामा झाला तरी ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनच्या मुख्य भागात, बरंच शिल्लक राहतं. साध्या पाण्याने फ्लश केलं असेल, तर ते पाणीच आत उरलेलं असतं. वरून तयार मिश्रण ओतलं की ते पातळ होतं. अशा वेळी कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, घ्या. मॅन्युअलमधली एकूण क्षमता पाच लिटर असेल, तर आधी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट ओता, मग डिस्टिल्ड वॉटरने भरा. बोअरचं पाणी नको, क्षार धरतात. रंगावर विसंबून दोन प्रकारची कूलंट मिसळू नका. मॅन्युअलमध्ये दिलेलाच प्रकार वापरा.

आता हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा. ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा स्क्रू) असेल तर सैल करा आणि बारीक धारेने ओता. स्क्रूतून बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की घट्ट करा. तो बऱ्याचदा प्लॅस्टिकचा असतो, जोर लावला तर तुटतो. मधूनमधून वरचा होज पाइप दाबत राहा.

रेडिएटरला झाकण असलेल्या गाडीत ते उघडं ठेवूनच इंजिन सुरू करा. एसी बंद हवा, नाहीतर पंखा सतत फिरतो आणि इंजिन तापायला उशीर लागतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो; तेव्हा पातळी अचानक खाली जाते, बुडबुडे येतात आणि खालचा होजही गरम होतो. पातळी भरत राहा. रेस दिल्यावर पातळी उतरते आणि सोडली की उसळते, म्हणून रेसवर असताना काठोकाठ भरू नका. पंखा दोनदा लागून बंद झाला, हीटरमधून गरम हवा येऊ लागली, की झाकण लावा. पंख्यापासून हात दूर ठेवा.

सांडलेलं कूलंट लगेच धुऊन काढा. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, कूलंटच्या टाकीतली पातळी पाहा. पहिल्यांदा थोडी उतरली तर मॅक्सपर्यंत भरा. रोज उतरत असेल आणि गळती कुठेच दिसत नसेल, किंवा बुडबुडे थांबतच नसतील, तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) तपासून घ्या.